धोंड्याच्या जेवणाला सायकलवर

१७ मे, रविवार
धोंड्याचं जेवण ३१ तारखेला, रविवारी दुपारी बाराला. मेहुण्यानं, बालाजीनं, राणीसावरगावहून स्वतः फोन करून पक्कं केलं. दोन्ही जावई एकाच दिवशी. म्हणजे मी आणि माझा साडू दत्तराव (द.), पालमचा खतदुकानदार.

फोन ठेवला आणि ठरवलं. सासुरवाडीला सायकलवर जायचं. मानवत, परभणी, गंगाखेड, राणीसावरगाव. शंभर कि.मी.च्या आसपास. आजवर याच्या निम्मंही एका दमात केलेलं नाही. द. अंगणात बसलेला असताना त्याच्यासमोर सायकल लावायची.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग निवणार नाही. जानेवारीत द. आमच्याकडं आला असताना दोघं सायकलनं परभणीला निघालो. परभणी जवळ आली आणि माझ्या दोन्ही पिंडऱ्यांत गोळे. रस्त्याकडेला आडवा झालो. द.नं पाण्याची बाटली काढली नाही, मोबाइल काढला. "बघा, पत्रकार साहेब झोपून बातमी गोळा करायलेत!" शूटिंग करून पुढं निघून गेला. मी सायकल टेम्पोत टाकून घरी. संध्याकाळी व्हिडिओ अख्ख्या मानवतला. तहसीलमधला एक कारकून अजून विचारतो, "साहेब, आज उभे का?"

१९ मे
तीस वर्षं तालुक्याच्या बातम्या दिल्या. दोघांचा दुजोरा नसेल तर मजकूर पाठवायचा नाही, हा नियम. तोच इथं. 'मी तयार आहे' हे माझं स्वतःचं म्हणणं, ते धरत नाही.

रफिक, सायकल दुरुस्तीवाला: "सायकल तयार हाय साहेब. तिची ग्यारंटी माझी. वर बसणाऱ्याचं मला इचारू नका."

डॉक्टर: बी.पी. आटोक्यात. "दहाच्या पुढं उन्हात राहू नका." गंगाखेडच्या पुढचा चढ दहाच्या पुढंच येतो. हे त्यांना सांगितलं नाही.

सायकलला एक दुजोरा. मला शून्य.

२१ मे
पहाटे पाथरीच्या रस्त्याला. जाऊन येऊन चाळीस. पायडल मारताना प्रत्येक वेळी द.चा चेहरा. रागावर पहिले दहा कि.मी. मस्त जातात. मग राग तसाच राहतो, मांड्या संपतात. परतीला एका शेळ्यावाल्यानं मागं टाकलं. तो पायी होता.

अंगणात म्हणायचं वाक्य मात्र तयार केलं. "दत्तराव, उठा. पाणी तरी द्या." मोजून पाच शब्द. यात काही कापण्यासारखं नाही.

२२ मे
बायकोला, सुमनला, आज सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबले.
"जोडीनं ओवाळत असतेत. लक्ष्मीनारायण म्हणून. हे तरी ध्यानात हाय का?"
नव्हतं. पाच दिवस द.चा हिशेब करतोय आणि हे डोक्यातच आलं नाही. बाराला पोचलो नाही तर तिच्या धाकट्या बहिणीशेजारी, मीनाशेजारी, द. बसलेला, आणि सुमनशेजारी मोकळा पाट. सगळ्या भावकीसमोर.
"शनिवारीच जा की मग. रात्री आराम करा."
सल्ला बिनचूक. पण शनिवारी द. तिथं नसणार. सासूबाई आणि दोन म्हशी बघतील, त्याचा काय उपयोग. हे बोललो नाही. तिला कळलं. पोळपाट जरा जोरातच ठेवला.

२४ मे, रविवार
मोठी चाचणी. पहाटे साडेचार, मानवत ते परभणी आणि परत.
जाताना उत्तम. जानेवारीत जिथं पडलो ती जागा ओळखली. थांबलो नाही, फक्त थुंकलो.
परतीला सगळा वेळ वारा तोंडावर, नऊनंतर भट्टीसारखा. दहाला डोळ्यांपुढं पिवळं. लिंबाखाली बसलो, मीठसाखरेचं पाणी प्यालो, अर्धा तास गेला. साडेअकराला घरी. पडलो नाही. गोळे नाहीत. पण चढही नव्हता, आणि जिना चढताना भिंत धरली.
पोचलो, असं लिहिता येतं. तयार आहे, असं लिहिता येत नाही.

२६ मे
रफिकनं मागचा टायर बदलला. म्हणाला, "साहेब, गंगाखेडपर्यंत टेम्पो करू. पुढं सायकल. कोण बघायलंय?"
कोणीच नाही. म्हणूनच नको. गंगाखेडहून निघून मानवतहून आलो म्हणायचं, तर मग मी आणि द. एकाच मापाचे.
तरी घरी येईपर्यंत टेम्पोचाच विचार करत होतो.

२८ मे
सुमनपुढं हत्यारं टाकली. म्हटलं, जाऊ दे, दोघं एसटीनं जाऊ. तुझा पाट मोकळा राहायला नको.
ती म्हणाली, "त्या व्हिडिओवर मीना हसली होती. ग्रुपवर. हसायची चित्रं टाकली पाच. माझी सख्खी बहीण."
मला हे माहीत नव्हतं. चार महिने एकाच घरात दोघं वेगवेगळे धुमसत होतो.
"मी शनिवारी एसटीनं पुढं जाते. बारा वाजले की पाटावर बसते. तुमी असा नसा. पण जायलाव तर पोचा."
दुजोरा मिळाला असं नाही म्हणता येणार. पण तिनं स्वतःचा पाट पणाला लावला आहे. आता माघार माझ्या एकट्याची उरली नाही.

३० मे, शनिवार, सायं. ६
सुमन सकाळच्या गाडीनं गेली. पाण्याच्या तीन बाटल्या, गूळशेंगदाणे, ओला गमजा, सगळं तयार. मांड्या हलक्या आहेत. की तसं वाटतंय…

आत्ता तिचा फोन. आवाज दबका, बहुधा न्हाणीघराकडं जाऊन बोलत असावी.
"दत्तराव आजच आलेत. मुक्कामाला. तुमचं सायकलचं आईनं सांगितलं तेंना."
"मग?"
"सकाळी कार घेऊन चढाखाली थांबणारेत म्हणं. पाणी, बर्फ घेऊन. 'साडूभाऊंना लय ऊन लागल,' म्हणायलेत. अन् आईसमोर म्हणले, व्हिडिओचं माझं चुकलं."
"तुला काय वाटतं?"
"मला काय वाटायचंय. खरं बोलायलेत असं वाटतंय. तेच्यानंच तर डोकं उठलंय."

माझंही. चार महिने जपलेली गोष्ट तो बर्फाच्या डब्यात घालून रस्त्यावर घेऊन येणार. त्यानं माफी मागितली म्हणून माझं मन वितळलं असं इथं लिहिणार नाही; वितळलेलं नाही. तो वाईट वागत राहिला असता तर सोपं होतं. कारमध्ये बसलो तर सुमनचा पाट भरतो, आणि अंगणात मला उतरवणारा हात द.चा. नाही बसलो तर पुढं चढ, आणि अकराचं ऊन.

चारला निघणं. परभणी सव्वासहा. गंगाखेड नऊ, तिथं वीस मिनिटं सावली. साडेदहाच्या सुमारास चढाच्या पायथ्याला पांढरी कार उभी असेल, दार उघडं.