भुरीचे नवे ब्रेक

प्रिय सत्यशीला, माझ्या माय,

पोटातल्या पाहुण्यासकट तू खुशाल असशील असं धरून लिहितोय. आबाला कागद लिहायची ही कुठली हुक्की आली म्हणून हसशील. हास बापडी. पण फोनवर बोलायची सोय नाय गं. इकडं तुझ्या आईचा कान माझ्या कानाला चिकटलेला असतो आणि तिकडं विहीणबाई स्पीकर लावून बसतात. तुझा चुलतभाऊ गोकुळ टेम्पो घेऊन चाळीसगावला येणारच होता, म्हणून त्याच्याजवळ राजगिऱ्याच्या लाडवांच्या डब्याखाली हा कागद ठेवून दिला. एकटी असशील तेव्हाच वाच.

गुरुवारी तुझी सातव्याची ओटी भरून तुला माहेरी आणायचंय. पहिलं बाळंतपण, आणि आपल्यात बापानं स्वतः जाऊन लेक आणायची. त्यात मी उस्मानपुऱ्यापासून पैठणपर्यंत सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगून बसलोय की लेकीला माझ्या भुरीत बसवून, मीच चालवत आणणार. आणि ऐन वेळेला भुरी थांबंना! मधी कन्नडचा घाट, गाडीत पोटुशी लेक, आणि ब्रेकचा भरवसा नाय. खरं सांगतो, हे काय चाललंय तेच मला कळंना.

सुरुवात झाली छावणीत. बाजारात पुढं केळीवाल्याचा गाडा होता. मी ब्रेक दाबला, आणि भुरी आपली निवांत पुढं जाऊन गाड्याला टेकली. केळी रस्त्यावर. माणसाला काय झालं नाय, खंडोबाची कृपा! मी म्हटलं, भुरीचं वय झालं. सात सीटची एवढी धिप्पाड गाडी, वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे वाहून वाहून थकली असंल बिचारी. रामप्रसाद मिस्त्रीकडं नेली. त्यानं चारी चाकं खोलली आणि म्हणाला, बिघाड तर काय दिसत नाय. मी म्हटलं, बिघाड नाय तर मग केळी काय वाऱ्यानं पडली? मी लईच मागं लागलो तेव्हा म्हणाला की एवढ्या वजनदार गाडीला मोठे ब्रेक बसवले तर चांगलंच. पुढं मोठ्या डिस्क टाकल्या, मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क, वर नवा बूस्टर. ऑइल बदललं, पाइपातली हवा काढली. भरली गाडी घाटात जागेवर खिळंल, असं छातीवर हात ठेवून सांगितलं त्यानं. मी खूश. तुझ्या सासरी उतरल्यावर जावईबापूंना चाकाच्या जाळीतून त्या चकाकणाऱ्या डिस्क कशा दाखवायच्या, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

आता घरात नवी वस्तू आली आणि तुझ्या आईनं पूजा केली नाय, असं कधी झालंय? मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं चारी चाकांतून हात घालून डिस्कवर मूठ मूठ भंडारा उधळला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून तेलात हळद कालवून प्रत्येक डिस्कवर पाच बोटं ओढली. मला पत्ता नाय. गाडी काढली तर भुरी अशी घसरत गेली की फाटकाचा खांबच वाकला. रामप्रसादनं चाक काढून बघितलं आणि मटकन खालीच बसला. ब्रेकला तेलाचा थेंब लागू द्यायचा नसतो म्हणे, आणि इथं तर बाईनं अभ्यंगस्नान घातलेलं! पॅड तेल पिऊन बसले होते, सगळे बदलावे लागले. तुझी आई फुरंगटून बसली. देवाचा भंडारा लावून कुणाचं वाईट झाल्याचं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मी मात्र मनातून खूश होतो. म्हटलं, चला, दोष सापडला एकदाचा.

कसला सापडतोय! नवे पॅड टाकले तरी तेच. कधी ब्रेक लागतच नाय, कधी असा लागतो की कपाळ काचेवर आपटंल. मग रामप्रसाद मला शेजारी बसवून स्वतः पैठण रोडला घेऊन गेला. त्यानं दाबला, भुरी शिकवल्यासारखी उभी. गोकुळनं दाबला, तरी उभी. मी बसलो, तर नाय. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा कुठं प्यायचा त्याचं बोलायला लागले. मला असा राग आला म्हणतेस! दोघांना वाट्टेल ते बोललो, गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथला मिस्त्रीही म्हणाला, काका, ब्रेक एक नंबर आहेत. आता तूच सांग, सगळ्यांचं ऐकणारी गाडी एका मालकाचंच का ऐकंना? देवाशपथ, एक दिवस मी भुरीशी बोललोसुद्धा. माझं काय चुकलं ते सांग म्हटलं. तुझी आई दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली नाय, आणि त्याचंच मला जास्ती भ्या वाटलं.

तुला आठवतं का गं, तू लहान असताना आपण मेंढरं घेऊन पैठणकडं नदीच्या पात्रात उतरायचो? तू माझ्या खांद्यावर. मी चपला काढून पुढं चालायचो आणि वाळू कुठं घट्ट, कुठं खचणारी, हे तळव्यानं हेरायचो. मागून सगळा कळप माझ्या पावलावर पाऊल टाकत यायचा. एक कोकरू वाहून गेलं नाय कधी. माझ्या बापानं शिकवलं होतं, डोळा फसंल पण तळवा फसत नाय. हे सगळं मला परवापासून सारखं आठवतंय.

कारण परवा काय झालं ते सांगतो. परसातल्या दोन मेंढ्यांसाठी बाभळीच्या शेंगा झोडून आणल्या आणि येऊन खाटेवर टेकलो. तुझी आई किंचाळली. दारापासून खाटेपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे, सगळे उजव्या पायाचे. तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, बोटभर. चप्पल कधी पायातून निघून पडली तेही मला ठाऊक नाय. तिनं पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा उकरला आणि सारखी विचारत राहिली, दुखतंय का, दुखतंय का. मी व्हय व्हय म्हणत राहिलो. खोटं बोललो, माय. पायाला काय म्हणता काय जाणवत नव्हतं. दुसऱ्याचा पाय असावा तसा तो तिच्या मांडीवर पडला होता. ती देवघरात गेली तसा मी अंगणात भुरीत जाऊन बसलो. गाडी बंदच. डोळे मिटले आणि पाय खाली ठेवला. तो ब्रेकवर आहे का एक्सलेटरवर, हे मला सांगता येईना. डोळे उघडून वाकून बघितलं. एक्सलेटरवर होता.

आता हा कागद का लिहिला ते ऐक. डॉक्टरकडं जाईन, रक्तात साखर आहेच, सोमवारी गोकुळ नेतोय. पण गुरुवार त्याच्या आधी येतोय. गुरुवारी तुझ्या दारात सगळे जमतील, भुरीला हार घालतील, विहीणबाई म्हणतील की बाप असावा तर असा, आणि चावी माझ्या हातात असंल. तेव्हा मला नाय म्हणता येणार नाय, पोरी. मी स्वतःला वळखतो. मी बसंन आणि घाटात गाडी घालीन. म्हणून तू आजच फोन कर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. सांग की तुला डोहाळे लागलेत, घाटाच्या रस्त्यानं आबाच्या मांडीवर डोकं टेकून माहेरी यायचे, लहानपणी निजायचीस तसं. गाडी जातानाही आणि येतानाही गोकुळनं चालवायची, आणि आबानं मागं बसायचं. गरवार बाईचे डोहाळे मोडायची कुणाची टाप नाय, तुझ्या बापाचीसुद्धा. मी जरा कुरकुर करीन, चिडंन, चारचौघांत तुला वेडी म्हणंन. तू ऐकू नको. माझ्या हातात चावी दिसली, तर गाडीत बसू नको.

तुझ्या फोनकडं कान लावून बसलेला,
तुझाच
आबा