पिवळं कडं, के-४७

३ मे
पोहोचले एकदाची. खोली होड्यांच्या शेडवर आहे. खिडकीतून सबंध खडक दिसतो आणि खडकावर कुरव म्हणजे पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची ही गर्दी. वास असा की नाक घरी ठेवून यायला हवं होतं. तरी खूश आहे. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसून बसून माणसांचा वीट आला होता. आता पक्ष्यांची नोंदणी. धाकटी बहीण, आमची छोटी, फोनवर म्हणाली की पक्षी निदान रांग मोडत नाहीत. तिला नववा लागलाय. मी बाळंतपणाला येणार हे तिने पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. माहेरचं असं आम्हा दोघींना एकमेकींशिवाय दुसरं आहे कोण?

६ मे
काम सोपं, पण कंबर मोडणारं. पिल्लाच्या पायात पिवळं कडं घालायचं आणि त्यावरचा क्रमांक नोंदवायचा. पिल्लं मोठी होऊन उडून जातात, कुठे कुठे लोकांना दिसतात आणि लोक क्रमांक वाचून आमच्या फोनवर निरोप पाठवतात. तो फोन आता माझ्याकडे. आमच्या प्रमुख बाई मोजकं बोलतात. होडीवाले काका त्यांच्या वाटचंही बोलतात. संध्याकाळी पाठ टेकली की जेवायलाही उठवत नाही.

११ मे
आज स्वतःचं हसं करून घेतलं. कडं पिल्लाला टोचत असेल का, म्हणून करंगळीत चढवून बघितलं. बसलं ते बसलंच. साबण झाला, तेल झालं. इथे प्रत्येक कड्याचा हिशेब लागतो. बाईंना सांगायची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बोलायचं त्राणही नव्हतं. ‘के-४७, पिल्लू, निरोगी’ असं लिहून मोकळी झाले. काका तेवढे हसले. म्हणाले, आता तू आमच्या थव्यातली.

१८ मे
के-४७ दिसल्याचा निरोप आलाय. एका निवृत्त मास्तरांना दिसला म्हणे, भाजीबाजारात. एकटाच होता, दमलेला वाटला. काल मी बाजारात गेले होते. ही काकांचीच थट्टा असणार. दटावलं, तर ते शपथेवर नाही म्हणाले, आणि बोलताना माझ्या हाताकडे बघत राहिले.

२१ मे
आणखी निरोप. पोस्टात दिसला. बसथांब्यावर दिसला. एका शाळकरी मुलीने फोटो धाडलाय. थांब्यावर कुरव उभा, पायात पिवळं कडं. शेजारी माझी हिरवी पिशवी.
तिथे मी उभी होते. फोटोत मी नाही.

२३ मे
बाईंना सगळं सांगून टाकलं. पक्कड लावली; पक्कड घसरते, बोट सोलतं. म्हटलं, ती नोंद खोडून टाका, खोटी आहे. त्यांनी फोनवरचे निरोप एकेक करून वाचले. मग म्हणाल्या, "बाहेरच्या लोकांनी बघितलंय गं. आता नाही खोडता येत."
आणि माझा हात धरला. दोन बोटांनी, मनगटापाशी. पिल्लाचा पाय आम्ही असाच धरतो.
भीती वाटतेय. खूप.

२६ मे
छोटीचा फोन. पोटात दुखायला लागलंय, लवकर ये.
निघाले. बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. एक बाई मुलाला म्हणाली, हात लावू नकोस, चावेल. इतकी थकलेय की रडूही —

२७ मे
बेल वाजवली. छोटीने दार उघडलं. समोर बघितलं, मग खाली — आणि लावून घेतलं.
हाक मारली. घशातून जे आलं ते लिहिणार नाही.
खिडकीच्या कट्ट्यावर आहे. आत ती, पोट धरून. माझ्यासाठी पाण्याची वाटी ठेवली तिने. कड्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला. मायेने वाचला.
फोन वाजला. तिचाच निरोप —
"ताई, तुमच्याकडचा पक्षी आलाय बघ आमच्या खिडकीत. खूप ओरडतोय बिचारा. आमचे हे टॉवेल टाकून धरतायत त्याला. तू कुठवर आलीस गं?"
छोटे, मी आहे. टॉवेल नको — सांग त्यांना — मी आलेय, इथेच, तुझ्या खिड