रागाचा नंबर

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आज ते जरा हात आखडूनच देते आहे.

फोनवर मी आवाज चढवला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. तुझ्या बायकोकडून सगळं कळलं. मुंगीने शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीची काच फोडली, हे वाईटच झालं. बारा वर्षांची पोर, हातात हॉकी स्टिक, होते चूक. पण त्यावर तू काय केलंस? स्वतःच्या मुलीची थुंकी नळीत भरून तपासायला पाठवलीस! तिच्यात रागाचं कसलं तरी जनुक सापडलं, म्हणून तो अहवाल नेऊन मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवलास! अरे, तू बाप आहेस की फिर्यादी?

आज बेकरीत मी इतकी तणतणत होते की भट्टीवरच्या माणसाने पिठाचा गोळा माझ्यापुढे टाकला आणि स्वतः बाहेर जाऊन बसला. पाव मात्र चांगले फुगले.

सतरा तारखेला शाळेत बैठक आहे म्हणे. त्याआधी तो अहवाल परत आण. एकदा शिक्का बसला की पोरगी म्हातारी झाली तरी निघायचा नाही. ती नुसती शिंकली तरी लोक मागे सरतील.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


६ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षरातूनही आवाज आला.

तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? शाळा तिला काढून टाकणार होती. मी हातावर हात ठेवून बघत बसायचं होतं का? अहवालामुळेच ती राहिली आहे. हॉकीच्या संघातून काढलंय आणि दाराजवळच्या बाकावर एकटीला बसवतात, एवढंच. तिला कायमचं वेगळ्या वर्गात ठेवायचं का, शांत राहण्याच्या गोळ्या सुरू करायच्या का, ते बैठकीत ठरेल.

मी दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आईबापांची भिंगं जाड असली की बहुतेक पोरालाही चष्मा लागतो. म्हणून त्या पोराला कुणी बोल लावतं का? नंबर काढतात, चष्मा देतात. रागाचंही तसंच आहे. दोष तिचा नाही, रक्ताचा आहे. ही तिची बाजू घेणं नाही तर काय?

प्रयोगशाळेने घराण्याची माहिती मागवली होती. मी बसून नीट तक्ता काढला. वर अण्णा, त्यांनी चिडून रेडिओ खिडकीबाहेर फेकला होता, तेही लिहिलं. खाली तू आणि मी. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, आणि जो रागीट तो काळा भरायचा. तुझं वर्तुळ काळं, माझा चौकोन कोरा, कारण मी गरीब गाय. त्याखाली मुंगी, पुन्हा काळी. अण्णा, तू आणि ती, तिघंही भडकण्याआधी टेबलावर दोन बोटं वाजवता, हे तरी नाकारशील का? तिथल्या बाई म्हणाल्या की तीन पिढ्यांत इतका ठळक वारसा क्वचित दिसतो. आता बोल!

लोभ असू दे, ओरडा कमी असू दे.
तुझा,
धाकटा


८ ऑगस्ट

ती. आत्यास,
मुंगीचा शि. सा. न.

आईने पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, आत्याला तूच लिही.

त्या खोलीत आमच्या संघातली सगळ्यात लहान मुलगी होती. तिच्या चुकीमुळे गोल झाला म्हणून हॉकीच्या सरांनी तिला आत कोंडलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेले. तिला दमा आहे. ती दार वाजवत होती, मग वाजवायची थांबली. म्हणून मी खिडकीची काच फोडून तिला बाहेर काढलं. सरांनी सांगितलं की मी हरल्याच्या रागाने फोडली. ती मुलगी घाबरून गप्प आहे. मी खरं सांगायला लागले की मुख्याध्यापिका म्हणतात, आधी शांत हो. शांतपणे सांगितलं तरी तेच म्हणतात. मी बाबालाही सांगितलं होतं. तो म्हणाला, कारणं नंतर बघू, आधी तपासणी करून घेऊ.

परवा वर्गात माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तर बाई शिकवायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बोटं वाजू नयेत म्हणून मी आता हात मांडीखाली घेऊन बसते.

बाबा रोज म्हणतो की माझी चूक नाही. मग मी बरोबर होते, असं कुणीच का म्हणत नाही?

तुझी,
मुंगी


११ ऑगस्ट

धाकट्या,
आशीर्वाद पुढच्या पत्रात, मिळालेच तर.

मुंगीचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच. दम्याची पोर कुलपात, किल्ली त्या नालायकाच्या खिशात, आणि तुम्ही सगळे थुंकी तपासत बसलात! चोर सोडून संन्याशाला फाशी! मुंगीला मी लिहिलंय की तू बरोबर होतीस. ते मी तीनदा लिहिलंय, तुझ्या आणि शाळेच्या वाटचंही.

आता तुझा तक्ता. अरे दीडशहाण्या, आई-अण्णांनी मला अनाथाश्रमातून घरी आणलं तेव्हा मी तीन वर्षांची होते! तुझ्या जन्माआधीची गोष्ट, पण घरात कुणी कधी लपवली नाही. मला आणलं त्या तारखेला आई दरवर्षी मला नवा फ्रॉक शिवायची आणि मला का नाही म्हणून तू भोकाड पसरायचास. अण्णांच्या रक्ताचा थेंब माझ्यात नाही, आणि त्याच रक्ताचा पुरावा म्हणून तू मला काळी रंगवून पाठवलीस! हे तू विसरूच कसा शकलास, म्हणून तुला बडवावं की जवळ घ्यावं, कळत नाही. आधी बडवीन.

ती दोन बोटं मी जेवणाच्या टेबलावर अण्णांसमोर बसून उचलली. मुंगीने सुट्टीत बेकरीच्या ओट्यावर माझ्याकडून उचलली. पीठ कुठल्याही गिरणीचं असो, खमीर ज्या घरचं, त्या घरची चव पावाला येते. रक्तातून काहीच येत नाही, असं मी म्हणत नाही. बिचारीला नाक तुझंच मिळालंय. पण अहवालातही 'राग अधिक असू शकतो' एवढंच लिहिलंय, तुझ्या बायकोने वाचून दाखवलं. त्या 'शकतो'चा तू नंबर काढून मोकळा झालास. अण्णा उगीचच चिडायचे, रेडिओचा काही गुन्हा नव्हता. मुंगीला कारण होतं. तिच्या आत काय आहे हे बघायला तुला नळी सापडली, तिच्यासमोर काय घडलं हे विचारायला तोंड सापडलं नाही?

सतरा तारखेला जा आणि त्या सरांचं नाव घेऊन बोल. मिनमिनू नकोस.

ताई


१८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं आणि गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा दिला. खरंच विसरलो होतो गं. तक्त्यात माझ्या शेजारी तुझं वर्तुळ काढलं आणि हात पुढे गेला, मनात काही आलंच नाही. मुंगीची माफी मागितली. ती म्हणाली, बघू.

त्या लहान मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईने तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. काल त्या बाई माझ्याबरोबर शाळेत आल्या. मी अहवाल मागितला, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या की तो आता दप्तरी दाखल झाला. सरांचा विषय काढला, तर म्हणाल्या की तो शाळेचा अंतर्गत मामला आहे आणि तुमच्या घराण्याचा स्वभाव पाहता तुम्ही शांत राहिलेलं बरं.

ताई, माझी दोन बोटं त्यांच्या टेबलावर वाजली. पुढचं मी काय बोललो ते फाटकावरच्या शिपायाला विचार, त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला. अहवाल द्या आणि सरांना समोर बोलवा, नाहीतर आम्ही दोघं इथून थेट पोलिसांत जातो, असं काहीतरी होतं. अहवाल मिळाला. सरांना रजेवर पाठवलंय, चौकशी होईल म्हणतात. होते की नाही, ते मी रोज जाऊन बघणार आहे. अजून अंगाचा तिळपापड होतोय. मुंगी आज तिच्या जुन्या बाकावर बसली.

तू दत्तक आहेस हे प्रयोगशाळेला कळवलं. बाई म्हणाल्या, मग ताईंना तक्त्यातून काढावं लागेल. मी सांगितलं की ताईला काढायचं नाही, आणि अख्खा तक्ताच परत घेऊन आलो.

काल शाळेत मी ओरडत होतो तेव्हा मुंगी बाहेर बसून ऐकत होती. मला वाटलं, घाबरली असेल. परतताना बसमध्येही ती हात मांडीखाली घेऊन बसली होती. मग मांडीखालचे हात बाहेर काढले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली की बाबा, तू अगदी आत्यावर गेलास.

बडवायला लवकर ये. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
धाकटा