दोघांपुरता ओटा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
ही आठवडाभर बहिणीकडे गेली. निवृत्त झाल्यापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की एकच ऐकतोय : इथे दोघं मावत नाहीत, बाहेर बसा. मावत नाहीत म्हणजे काय? अठ्ठावीस वर्षं गोदाम सांभाळलं मी. हे तर जेमतेम सहा बाय सात. ही परत येईल तेव्हा ओट्यापाशी दोघं ऐसपैस उभे राहू. मी भाजी चिरीन, गप्पा होतील. बाहेर एकट्याने तोच पेपर किती वेळा वाचायचा?

९.४०
मोजमाप घेतलं. सगळी दारं बंद करून. म्हणजे अचूक येतं.

४ मार्च
सुतार आला. प्लॅन दाखवला : भिंतीला रॅक, दारामागे तव्या-कढयांसाठी हुक, ओट्यासमोर घडीचं टेबल. दारं उघडल्यावरचं माप कुठंय, असं त्याने विचारलं. म्हटलं, बाबा रे, माझी उभी हयात मोजमापात गेली. पेन्सिल कानामागे खोचली. पटलं असावं.

५ मार्च
डबे एकूण एकेचाळीस. एकावरही नाव नाही. हिचं इतकी वर्षं कसं चाललं, देव जाणे. सगळ्यांना नंबर दिले. कुठल्या नंबरात काय, याची यादी टाइप करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.
संध्याकाळी हिचा फोन. काय चाललंय म्हणाली. सरप्राइज आहे म्हटलं. लगेच म्हणाली, कशालाही हात लावू नका. आनंदाने असणार.

६ मार्च
रॅक बसला. देखणा आहे. कपाटाचं दार आता चार बोटंच उघडतं. यादी आत. हरकत नाही, पाठ करायचीच होती.
चहा केला. साखर तेवीस नंबर की बत्तीस? बत्तीस निघालं कॉर्नफ्लोअर. चहा चमच्याने खाल्ला. पोटभरीचा होतो.

७ मार्च, दुपार
टेबल बसलं. ते उघडलं की फ्रिज उघडत नाही, एवढंच. उपाय : फ्रिजमधलं सगळं सकाळीच बाहेर काढून ठेवायचं. प्लॅनिंग लागतं.
दूध नासलं. हल्ली दूधच चांगलं मिळत नाही.
हुकांमुळे स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडतं. तिरकं होऊन आत शिरावं लागतं. तसंही पोट कमी करायचंच होतं. उद्यापासून रोज चार किलोमीटर चालणार.

८ मार्च
चालायला जमलं नाही. आत असताना टेबलाची कडी अडकली. टेबलाखालून रांगत बाहेर आलो. गुडघा सुजलाय. सुताराला फोन केला, तर म्हणे माप तुमचंच होतं. आणि हसला. नाचता येईना, अंगण वाकडं!

९ मार्च
ट्रायल घेतली. हिच्या जागी खुर्ची ठेवली, शेजारी मी. मावलो. म्हणजे, खुर्ची टेबलावर चढवावी लागली.
उद्या ही येणार. दोनदा जाऊन टेबलाची कडी तपासली.

१० मार्च
ही आली. बॅग हातातच. अर्ध्या दारातून बघत राहिली. मग विचारलं, यात माणूस कुठे धरलाय? प्लॅन काढून दाखवायला गेलो. नीट पाहिला. माणूस नव्हता. एकही.
कशासाठी हा खटाटोप, म्हणाली. जागेच्या नियोजनावर चांगली चार वाक्यं तयार ठेवली होती. तोंडातून निघालं, बाहेर एकट्याला करमत नाही.
हिने बॅग खाली ठेवली. सुताराला फोन लावला.

११ मार्च
रॅक, हुक, टेबल, सगळं निघालं. भिंतीला नऊ भोकं. डब्यांवरचे नंबर नखाने खरवडायचं काम माझ्याकडे. ही न बघता हात घालते आणि साखरच निघते. योगायोग.
दुपारी हिने स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्टूल आणून ठेवलं. दाराच्या बाहेर. सोलायला वाटाणे दिले. बसा इथे, म्हणाली, पाय आत नको. मग बहिणीकडची सगळी हकिकत सांगितली, पहिल्यापासून. तासभर. सगळं ऐकू येत होतं.
स्टुलाखाली बरीच जागा वाया जातेय. बोललो नाही.