मांडीवरची पोरं सोडून

कोल्हापूर,
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियास अनेक आशीर्वाद.

तू आणि राजवर्धनराव खुशाल असाल. त्यांच्या आईंच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी सुरू झाली. सकाळी रंकाळ्यावर धुकं असतं आणि तुझे आण्णा कानाला मफलर गुंडाळून गिरणी उघडायला जातात. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यात, त्यामुळे सगळ्या गाड्या उशिरा धावतायत. मला आता गाड्यांशी काय करायचंय, पण लक्ष जातंच.

पत्र बघून दचकू नकोस. रोज फोन होतो, मग हे कशाला, असं तुला वाटेल. फोनवर माझा शब्द अडला की तू लगेच पुरवतेस, आणि मग आपण दोघीही समजतो की तो मलाच आठवला. शिवाय आण्णा शेजारी बसून ऐकत असतात. कागदावर मला कोणी घाई करत नाही. एकेका शब्दासाठी चहा गार होईपर्यंत बसते, पण ते तुला दिसत नाही.

तू पाठवलेलं शब्दकोड्यांचं पुस्तक मिळालं. डोकं कामात ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून थोडी कोडी सोडवली. रागावू नकोस, पण मला त्यात काही राम वाटत नाही. नदीला दुसरा शब्द सांगा म्हणे, तीन अक्षरी! मी काय तिसरीत आहे? बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईला डोकं चालवायला माणसं लागतात. मलकापूरच्या गाडीत कोण कुठे चढलं, कुणाचं तिकीट राहिलं, कुणाला बांबवड्याला उतरायचंय, हे सगळं मी चेहऱ्यांवरून धरून ठेवायची. त्या दिवशी म्हैस आडवी आली, ब्रेक लागला आणि माझं डोकं दांडीवर आपटलं. म्हशीला काहीसुद्धा झालं नाही. ती शेपूट हलवत शेतात गेली आणि मी कायमची घरी आले.

म्हणून मी माझं कोडं शोधून काढलं. संध्याकाळी रंकाळा स्टँडच्या बाकावर जाऊन बसते. गाडी लागते, माणसं चढतात, मी नुसती बघते. गाडी सुटली की डोळे मिटून सगळी ओळीनं आठवायची आणि घरी येऊन आण्णांना ती गाडी पाढ्यासारखी म्हणून दाखवायची. ते कांदा चिरता चिरता "बरोबर, बरोबर" म्हणतात. त्यांना काय कळणार बरोबर की चूक, पण ऐकून बरं वाटतं.

पहिल्यांदा चार-पाच चेहऱ्यांवरच अडायची. दिवाळीपर्यंत अर्धी गाडी आठवायला लागली. मी तुला फोनवर म्हणाले होते ना, माझं डोकं पहिल्यासारखं चालायला लागलंय, तू बिनघोर अर्णवला घेऊन ये? तेव्हाची गोष्ट. मी खोटं बोलत नव्हते.

आण्णांनी अर्णवसाठी तुझाच पाळणा माळ्यावरून काढलाय. धुतला, कड्यांना तेल घातलं. तू डिसेंबरात येणार, अर्णवला माझ्याकडे ठेवून पुण्याला कामावर हजर होणार, आणि दर शनिवारी तुम्ही दोघं येऊन त्याला बघून जाणार, असं सगळं ठरलंय. तुझी रजा आता एक दिवसही वाढणार नाही, हेही मला माहीत आहे. आण्णा येता-जाता रिकाम्या पाळण्याला झोका देतात आणि हसतात. मी तिकडे पाठ करून भाकरी थापते.

आता सांगते. मघापासून दोनदा चहा झाला, कपडे वाळत घालून झाले, सांगायचं ते तसंच आहे.

समोरच्या मोनाची वल्लरी तुला माहीत आहे, चार वर्षांची. मोना पार्लरमधून येईपर्यंत ती माझ्याकडे असते. म्हणजे असायची. गेल्या आठवड्यात तिला घेऊन मी स्टँडवर गेले. भडंगाची पुडी हातात दिली, बाकावर बसवलं आणि म्हटलं, "हितनं हलायचं न्हाय हं." तेवढ्यात गगनबावड्याची गाडी लागली. गच्च भरली. मी सगळी बघितली. हिरव्या लुगड्यातली म्हातारी, तिच्या पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं. हाताला प्लास्टर घातलेला पोलीस. कॉलेजच्या दोन मुली, त्यातली एक रडून आलेली, नाक लाल. गाडी सुटली, मी डोळे मिटले, आणि एकही चेहरा निसटला नाही. ड्रायव्हरच्या शेजारी टेकलेला माणूससुद्धा आठवला! इतका आनंद झाला मला, प्रिया. अपघातापासून तसं कधी वाटलं नव्हतं. रस्ताभर ती गाडी मनात म्हणत आले, जिना चढले, चप्पल काढली आणि आण्णांना उभ्या उभ्या सगळी म्हणून दाखवली.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "आन् वल्लरी कुठं हाय?"

मी म्हटलं, "ती कुठं गाडीत होती?"

मी असं म्हटलं, आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्यांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं. मी तशीच अनवाणी धावले. रंकाळ्याचं पाणी तिथून किती जवळ आहे, तुला ठाऊक आहे. रस्त्यावरून ट्रॉल्या चालल्या होत्या, एकीच्या मागे एक, मध्ये घुसायला जागा नाही. पलीकडचा बाक मला दिसतच नव्हता आणि ट्रॉल्या संपत नव्हत्या. मी मोठ्यानं हाका मारत होते. नाव तिचंच घेत होते की तुझं, मला सांगता येणार नाही.

ती बाकावर होती. पुडी संपलेली, रिकामा कागद मुठीत. मला बघून म्हणाली, "आज्जी, मला शू आलीया. तरीबी मी हलली न्हाय."

उचलली ती घरात येईपर्यंत खाली ठेवली नाही. आण्णा म्हणाले, "पोरगी घावली न्हवं? मग झालं की! कुणाला काय सांगू नगंस." मी पण तेव्हा हो म्हटलं. वल्लरीनंही आईला सांगितलं नाही. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. पण मोनाचं दार वाजलं की मी हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची. शेवटी परवा जाऊन तिला सांगून टाकलं. ती उठली आणि म्हणाली, "काकू, च्या घेतासा?" कालपासून वल्लरी आलेली नाही.

हे कसं झालं ते मला नंतर उमगलं. गाडीत आम्ही डोकी मोजायची आणि तिकिटांशी जुळवायची. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं. तेव्हा मोजायचं ते मांडीवरची पोरं सोडून. बावीस वर्षं मी तशीच मोजत आले. तिथे त्या पोरांना धरून बसायला त्यांच्या आया असायच्या. आता डोक्यातलं बाकी सगळं सैल झालंय आणि ही सवय मात्र जिथल्या तिथे आहे.

मला फार भीती वाटते, प्रिया. गॅस विसरते, किल्ली विसरते, त्याची नाही. ते विसरल्याचं मागून लक्षात येतं आणि मी जीभ चावते. त्या दिवशी मला काही विसरल्यासारखं वाटलंच नाही. डोकं लख्ख होतं, मी खुशीत होते. आपलं डोकं ठीक चाललंय का, हे विचारायचं कुणाला? त्याच डोक्याला? हल्ली आंघोळीतून मध्येच ओल्या अंगानं बाहेर येते, घरभर बघते, कुणी राहिलं नाही ना म्हणून, आणि परत जाते.

आण्णांना वाटतं मी हे तुला कळवू नये. "तिची नोकरी घालवायचीया व्हय? मी हाय की बघायला." ते आहेत, पण दिवसभर खाली गिरणीत. पट्टा सुरू झाला की दारात उभ्या माणसाची हाक त्यांना ऐकू येत नाही. हे पत्र मी त्यांना न विचारता टाकणार आहे.

तेव्हा अर्णवला माझ्यापाशी ठेवू नकोस. घेऊन ये, चार दिवस राहा. मी त्याला तेल लावीन, आंघोळ घालीन, तू समोर बस. भाजी आणायला गेलीस तर त्याला सोबत ने. तुझ्या नोकरीचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. रोज रात्री शोधते, सापडत नाही. इतक्या उशिरा सांगितलं म्हणून तू चिडशील. चिड. फक्त "आई, एवढंसं झालं, तू उगाच घाबरतेस" असं म्हणू नकोस. तू तसं म्हणालीस तर मी लगेच ऐकेन, कारण मला तेच ऐकायचंय.

स्टँडवर जाणं मी सोडलेलं नाही. डोकं वापरायचं थांबवलं तर आहे तेही जाईल, असं वाटतं. पण आता रीत बदललीय. गाडी भरली की आधी मांडीवरची पोरं मोजते, मग मोठी माणसं. कालच्या गाडीत अंगडं-टोपडं घातलेलं एक होतं, आणि एक पदराखाली, नुसता पाय दिसत होता. दोन्ही आठवली. जमतंय, असं वाटतंय.

पाकिटात घालण्याआधी पत्र पहिल्यापासून वाचून काढलं. वर, अगदी सुरुवातीला, मी तुझी खुशाली विचारलीय. राजवर्धनरावांची विचारलीय, त्यांच्या आईंच्या गुडघ्याचीसुद्धा विचारलीय. एक नाव तिथे नाही. ओळीत जागा होती, बारीक अक्षरात घालता आलं असतं. घातलेलं नाही. तू स्वतः बघ.

अर्णव कसा आहे?

तुझी,
आई