फिकट गुलाबी ठिपका

सोनाळा,
१९ ऑगस्ट

प्रिय काजल,

पाकीट पाहून तुला पहिली शंका येईल की हाताशी फोन असताना शालूताईला कागद कशाला लागला. शंका रास्त आहे. फोनवर तू 'हो ताई, बरं आहे ताई' एवढंच म्हणतेस आणि आईच्या गुडघ्याला तेल लावायचं आहे म्हणून ठेवून देतेस. तुझ्या आईचा गुडघा दीड-दोन महिने दुखतो आहे, असं मीही गल्लीत सांगत फिरते आणि गल्ली मान डोलावते. पण तू माहेरी वडनेरला का गेलीस ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या तोंडामुळे गेलीस.

इकडे सासूबाई बऱ्या आहेत. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून तयार होत नाहीत. राजकुमार भाऊजी सोयाबीनवर फवारणी करून येतात, निमूट जेवतात आणि दर रविवारी तुझी स्कूटी पुसून पुन्हा झाकून ठेवतात. नवरा असा मुका झाला की बायकोला बोचतं म्हणतात. मी तर नुसती भावजय, तरी बोचतं. एकदा तोंड सोडून बोलले असते तर मी सुटले असते. पुढच्या खोलीतलं आपलं ऑनलाइन फॉर्मचं दुकान बंदच होतं. पीकविम्याच्या ऐन गर्दीत लोक दारावर येऊन 'काजलवहिनी नाही काय?' विचारायचे आणि परत जायचे. मी होते ना समोर उभी! पण मला कोणी विचारत नव्हतं.

आता खरं सांगते, हेच मला पहिल्यापासून खुपत होतं. तीन वर्षांपूर्वी तू आयटीआयचा कोर्स करून या घरात आलीस, वर्तमानपत्र अंथरून त्यावर सुटे भाग मांडलेस आणि दोन दिवसांत अख्खा कॉम्प्युटर उभा केलास. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी मनात म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. वर तुला कौतुकाने लाडू दिला, ते वेगळं.

आणि माझा स्वभाव तर तू जाणतेस. आमच्या वडिलांकडे, वामनरावांकडे, नाव घातल्याशिवाय भांडं चुलीवर चढत नसे. पंगतीला दिलेली ताटं परत आली की मी आजही आधी ती उलटी करून नाव पाहते, मग घासते. माझ्या छत्रीच्या मुठीला दोरा आहे, चपलेच्या तळाला फुली आहे. तू हसायचीस. संशयाला औषध नाही म्हणतात. आमच्या माहेरी तर कोणी ते शोधलंही नव्हतं.

जूनमधला तो रविवार आठव. मशीन हळू चालतं म्हणून तू रॅमची, म्हणजे मेमरीची, दुसरी पट्टी आणलीस आणि कॉम्प्युटरचा डबा उघडलास. नेमका त्याच दिवशी तुझा भाऊ शिवम आला, त्याच्या फोटो स्टुडिओचा कॉम्प्युटर रखडतो म्हणत. तुम्ही दोघं उघड्या डब्यावर वाकून हळू बोलत होतात. मी चहा घेऊन आले आणि तुम्ही गप्प झालात. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. स्टुडिओला रॅम लागते एवढं तुझ्याच संगतीने मला कळत होतं. त्या संध्याकाळी मी एक काम केलं. ते लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून थोडं पुढे सांगते.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बिघडलं. कधी सुरू होतानाच टूंटूं वाजायचं, कधी मध्येच थिजायचं. गिऱ्हाईक उकंडरावांचा फॉर्म भरताना शेवटचं बटण दाबायला आणि पडदा निळा व्हायला एकच गाठ पडली. तू एकेक भाग काढून पाहिलास. जुनी पट्टी एकटी लावली तर सगळं सुरळीत, नवी एकटी लावली तर कधी चाले कधी नाही, आणि दोन्ही लावल्या की हमखास अडे. तू म्हणालीस, "ताई, या दोघीईचं जमून नाही राह्यलं." मला ती सारवासारव वाटली. वाटलं, चांगली पट्टी भावाच्या पिशवीतून गेली आणि त्याची खराब पट्टी आपल्या डब्यात आली.

तिसऱ्या दिवशी तू नवी पट्टी काढून खिडकीपाशी नेलीस. बराच वेळ पाहिलीस. मग तुझं लक्ष स्वतःच्या नखांकडे गेलं आणि तुझा चेहरा उतरला. तू पट्टी परत बसवलीस, स्क्रू पिळलेस आणि आत निघून गेलीस. मी दारातून सगळं पाहत होते. खाई त्याला खवखवे, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणाले. संध्याकाळी शिवम आला, तेव्हा सासूबाईंसमोर मी बोलून टाकलं, "चांगली पट्टी वडनेरले गेली अन् खराब इथं राह्यली, असंच नं?" शिवमने हातातला कप खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "शालू, काऊन बोलतेस अशी?" तू मात्र आत जाऊन पिशवी भरलीस आणि सकाळच्या गाडीने गेलीस.

मागच्या आठवड्यात मी डबा घेऊन शेगावला धम्मरत्न यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. एसटीत तो मांडीवर धरून बसले, कोणी बदलू नये म्हणून. दुकानातही स्टूल ओढून त्यांच्या हातांसमोरच बसले. त्यांनी आधी सगळं काढलं. एकच पट्टी ठेवून मशीन सुरू केलं, मग एकेक भाग जोडत गेले. कार्ड जोडलं, चाललं. डिस्क जोडली, चाललं. नवी पट्टी जोडली आणि अडलं. मला तर आनंदच झाला गं, चोरी सापडली म्हणून! मग त्यांनी शाळेतलं साधं खोडरबर घेतलं आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर घासायला लागले. खालच्या कागदावर रबराचा भुगा पडला. तो फिकट गुलाबी होता.

खोटं लिहीत नाही. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ही तर काजलची नेलपॉलिश! मुद्दाम लावून गेली! तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात त्यांनी पट्टी उलटी केली. मागे कोपऱ्यात गोल ठिपका होता. "वहिनी, ही खूण कोनं केली? रंग ओघळून दातावर गेला नं. एक दात झाकला तरी मशीन अडते," ते म्हणाले. "मेकॅनिकवर भरवसा नसला का लोकं अशाच खुणा करून आणतात."

तर ते काम हे. त्या रविवारी तू न्हाणीत गेल्यावर मी तुझ्या टेबलावरची बाटली घेतली आणि डब्यातल्या प्रत्येक भागावर ठिपका लावला, ताटावर नाव घालावं तसा. क्लिपा दाबल्या की पट्टी वर येते हे तुझंच पाहून शिकले होते. न्हाणीची कडी वाजली तशी ओल्या रंगासकट नवी पट्टी घाईने दाबून बसवली. पुढे मशीन बिघडलं तेव्हा ठिपके जागच्या जागी होते, पण मला त्याचाही उपयोग नव्हता. अदलाबदल मी खूण करण्याआधीच झाली असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुकानात मी कोणाचं नाव घेतलं नाही. परतताना संग्रामपूरच्या अलीकडे कुठेतरी मला तुझी ती खिडकी आठवली, आणि नखं आठवली. काजल, तू ठिपका ओळखला होतास ना? तुझाच रंग होता. तुझ्यावर पहारा बसला आहे हे तुला तेव्हाच कळलं, म्हणून तू पुढे काही तपासलं नाहीस. नाहीतर रबर घ्यायला तुला धम्मरत्न कशाला शिकवायला हवे होते! संध्याकाळी माझं नाव सांगून मोकळी झाली असतीस तर माझी मान खाली गेली असती. तू ती जाऊ दिली नाहीस, आणि मी मात्र तुझ्या भावासमोर तुला मान खाली घालायला लावली.

मशीन आता दोन्ही पट्ट्यांवर चालतं. पण ते कळवायला हे पत्र नाही. काल जेवताना मी सासूबाईंना आणि भाऊजींना सगळं सांगितलं. भाऊजींनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "हे तिले सांगा, मले नाही." म्हणून लिहिते आहे. मी तुला चोर म्हटलं. चूक माझी होती, हात माझा होता, काजल, मला माफ कर. येत्या रविवारी मी वडनेरला येते आहे, हेच शिवमसमोर बोलायला. त्या दिवशी तुम्ही दोघं हळू काय बोलत होतात ते मला अजून माहीत नाही, आणि मी ते विचारणारही नाही. तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून परत जाईन, गल्लीला गुडघ्याचं कारण सांगणार नाही. फोनवर म्हटलेलं उद्या मी नाकबूल करेन, माझा स्वतःवरही भरवसा नाही. म्हणून हा कागद जपून ठेव आणि मी कधी फिरले तर चारचौघांत काढून दाखव. घाईत तुझी बाटली इथेच राहिली आहे. तिच्यातलाच एक ठिपका खाली माझ्या नावाशेजारी लावते आहे. या वेळी रंग पुरता वाळू दिला आहे, मगच घडी घातली.

तुझीच,
शालूताई