जाड तार आणि सात पेले

लातूर

तीर्थरूप दादांस,

धाकट्या गोदावरीचा साष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या गुडघ्याला एरंडेल लावता की नुसते म्हणता, ते वहिनींनी कळवावे.

मालविकेची गिटार काढून घेऊन नांदेडला धाडावी, असे तुम्ही लिहिले. बारावीच्या मुलीने लातुरात आत्याकडे शिकवणीसाठी यावे, गिटारीसाठी नाही, हे रास्तच. पण तुमच्या कानावर आलेला प्रकार नीट सांगते.

तुम्ही पाठवलेली विलायती वाद्यवृंदाची कॅसेट मी भाजी निवडताना तीनदा ऐकली. तुम्ही व्हायोलिन शिकवता, मी नुसती मॅट्रिक, पण अठरा वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवते. त्या कॅसेटीत ऐंशी माणसे आहेत म्हणे, तरी कुणी कुणाच्या पुढे धावत नाही. झांजवाला अर्धा तास थांबतो आणि एकदाच वाजवतो. (आमच्या मंडळातल्या शांतम्माला हे जन्मात जमायचे नाही.) मालविकेच्या रॉकमध्ये चौघेच, आणि चौघांनाही एकदम बोलायचे असते. फक्त तिची ती चार जाड तारांची गिटार खाली खर्जात राहून बाकीच्यांना सांभाळते. पेटीवालीला हे कळते.

भूकंपापासून आमच्या गल्लीत घरोघरी फळीवर पेले एकावर एक रचलेले असतात. पडले की बाहेर पळायचे. मंगळवारी दुपारी त्या गिटारीची सर्वांत जाड तार स्पीकरातून वाजली आणि आमचे सातही पेले खाली आले. शेजारची शांतम्मा ओरडत बाहेर, तिच्यामागे समोरच्या चन्नबसप्पा सरांच्या शिकवणीतली साठ पोरे, शेवटी सर, खडूसकट. सगळे तासभर मैदानात. सर म्हणाले, "हादरा आला म्हणून गणित जात न्हाई. वह्या काढा." शांतम्माने मला विचारले, "गोदावरीबाई, तुमची भाची घर पाडायली का?" मी तिला साबुदाणा भिजवलाय का ते विचारले. (एकादशी होती, खोटे बोलायचे नव्हते.)

तुमच्या कॅसेटीने आजवर एकही पेला हललेला नाही. श्रेष्ठ कोणते ते तुम्हीच ठरवा, मी लहान आहे.

तुमची,
गोदावरी

ता. क. त्या साठ पोरांत मालविका पहिल्या बाकावर होती. तिला रागावू नये. घरी मी एकटीच होते.

ता. क. दुसरे : चाकूरची भजनस्पर्धा होईपर्यंत गिटार मागू नये, मालविकेलाही परत बोलावू नये. तिची शिकवणी दुपारी असते, माझी संध्याकाळी, तिच्याकडे. सध्या मला दोनच सूर येतात, पण आमच्या बहुतेक अभंगांना तेवढे पुरतात.